डोळ्याच्या कोपऱ्यातली लाली: नाकाकडची की कानाकडची?

‘डोळा लाल झालाय’ असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारते, कुठे? समोरचं माणूस बहुधा गोंधळतं. पण सगळा डोळा लाल होणं आणि नुसता कोपरा लाल होणं ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कोपऱ्यांतही नाकाकडच्या लालीची आणि कानाकडच्या लालीची कारणं पुष्कळदा निराळी निघतात. वडोदऱ्यात डोळ्यांची डॉक्टर म्हणून काम करताना मला रोज वाटतं, की एवढं जरी लोकांना आरशात पाहून ओळखता आलं, तरी बरीच भीती कमी होईल आणि मेडिकलमधून उगाच आणलेले पुष्कळ ड्रॉप डोळ्यांत जायचे टळतील.

खिडकीपाशी चांगल्या उजेडात उभे राहा, हात धुऊन खालची पापणी बोटानं हलकेच खाली ओढा. नाकाकडच्या टोकाला एक छोटा गुलाबी उंचवटा दिसेल आणि त्याला लागून अर्धचंद्राच्या आकाराची पातळ घडी. हा उंचवटा सगळ्यांना असतो, जन्मापासून असतो आणि गुलाबीच असतो. त्यात तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, बारीक लवही असते. फोनचा कॅमेरा मोठा करून काढलेला फोटो घेऊन पुष्कळ जण ‘डोळ्यात गाठ आली’ म्हणून येतात, ती हीच. दुखत नसेल, वाढत नसेल आणि दोन्ही डोळ्यांत सारखी दिसत असेल, तर ती तुमच्या डोळ्याचा भाग आहे. अजून नीट पाहिलंत तर खालच्या पापणीच्या कडेवर, त्या उंचवट्याच्या जवळच, सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं.

ही छिद्रं म्हणजे अश्रूंची मोरी. डोळ्यातलं पाणी प्रामुख्याने वरच्या बाजूला, कानाकडे असलेल्या ग्रंथीतून येतं. आपण पापणी मिटतो तेव्हा ते डोळ्यावरून नाकाकडे ढकललं जातं, छिद्रांतून बारीक नळ्यांत, तिथून नाकाच्या मुळाशी असलेल्या छोट्या पिशवीत आणि पिशवीतून थेट नाकात उतरतं. म्हणून रडलं की नाक वाहतं आणि डोळ्यात टाकलेला ड्रॉप थोड्या वेळानं घशात कडू लागतो. आता ह्या पाण्याबरोबर काय काय वाहत येतं ते पाहा: धूळ, परागकण, काजळाचा कण, मेकअपची भुकटी, जंतू. ते सगळं जाताना नाकाकडच्या कोपऱ्यात रेंगाळतं. तो कोपरा सर्वांत आधी लाल का होतो, ह्याचं बरंचसं उत्तर ह्यातच आहे. दुसरं कारण असं, की डोळे उघडे असताना बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या भागाचे दोन त्रिकोण उघडे राहतात. बाकीचा पांढरा भाग पापण्यांखाली झाकलेला असतो. ऊन, वारा, धूर जे काही सोसायचं ते हे दोन त्रिकोण सोसतात.

लाल कोपऱ्याबरोबर खाज असेल, तर पहिला संशय ॲलर्जीचा. पापणीच्या आतल्या अस्तरात काही पेशी असतात, त्यांना न मानवणारी वस्तू भेटली की त्या हिस्टामिन सोडतात. त्यानं रक्तवाहिन्या फुगतात, पाणी सुटतं, खाज येते. चोळलं की त्याच पेशी आणखी हिस्टामिन सोडतात आणि खाज वाढते. क्षणभर बरं वाटतं, म्हणून चोळणं थांबत नाही.

आपल्याकडे डोळे चोळण्याचा हंगाम उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात दिसतो. १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण, दोन दिवस माणसं गच्चीवर आकाशाकडे टक लावून उभी. हवा कोरडी, ऊन समोरून, वारा सुटलेला. पतंगावर नजर खिळली की पापण्या कमी मिटतात, डोळ्याचा ओलावा सुकतो आणि दोन्ही त्रिकोण लाल होतात. त्यात भर मांज्याची. तो भाताची खळ, रंग आणि काचेची पूड लावून तयार होतो. बोटं कापू नयेत म्हणून लोक चिकटपट्टी गुंडाळतात, पण पूड त्या पट्टीवरही बसते. पेच लागलेला असताना डोळ्याला खाज सुटली, की तेच बोट डोळ्याच्या कोपऱ्यात जातं. काचेचा तो कण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. वरच्या पापणीच्या आत अडकला तर पापणी मिटताना दर वेळी बुबुळावर रेघ ओढतो. असं झालं तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं डोळा भरपूर धुवा. तरीही मिटताना खुपत राहिलं तर डॉक्टरकडे जा. पापणी उलटून कण काढायला दोन मिनिटं लागतात, घरी रुमालाच्या टोकानं तो काढायला जाऊ नये.

मुलांची ॲलर्जी मात्र मी हलक्यात घेत नाही. उन्हाळा लागला की काही मुलांचे, त्यातही मुलग्यांचे, डोळे दर वर्षी लाल होतात, डोळ्यांतून ताणला तर तारेसारखा लांबणारा चिकट स्राव येतो, उजेड सहन होत नाही आणि मूल सारखं मुठीनं डोळे चोळतं. उष्ण, कोरड्या प्रदेशांत हा आजार जास्त दिसतो आणि पुष्कळ मुलांत तो वयात येताना आपोआप ओसरतो. पण तोवर डोळे जपावे लागतात, कारण वर्षानुवर्षं चोळण्यानं बुबुळ पातळ होऊन पुढे येऊ शकतं. मग चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलत राहतो आणि चष्मा लावूनही स्पष्ट दिसत नाही. खाज आली की थंड पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर ठेवायची सवय मुलाला लावा. बाहेरून आल्यावर तोंड धुणं, उन्हात टोपी आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे ड्रॉप. ते रोज आणि पुष्कळ दिवस टाकावे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नयेत.

आता खाज नाही, दुखत नाही, पण नाकाकडच्या पांढऱ्या भागावर काहीतरी पिवळट उंचावलेलं आहे आणि ते अधूनमधून लाल होतं, असं असेल तर? बुबुळाच्या कडेपर्यंत येऊन थांबलेला पिवळसर ठिपका म्हणजे उन्हावाऱ्यानं जाड झालेलं अस्तर. त्याचं काही करावं लागत नाही. तोच जर त्रिकोणी होऊन, रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढू लागला तर त्याला मांस वाढणं म्हणतात. इथले गुजराती शेजारी ‘वेल’ म्हणतात, आणि इथल्या आपल्या मराठी घरांतही आता तोच शब्द ऐकू येतो. वडोदऱ्याजवळच्या पादरा, डभोई, सावली ह्या गावांकडचे शेतकरी, बांधकामावरचे मजूर, दिवसभर दुचाकीवर फिरणारे लोक ह्यांच्या डोळ्यांत ही वेल मी सतत पाहते. सूर्याची अतिनील किरणं हे तिचं मुख्य कारण मानलं जातं आणि वडोदरा तर कर्कवृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला आहे. वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येणारं हे गाव.

वेल बहुतेक वेळा नाकाकडूनच का येते? कानाच्या बाजूनं तिरपा येणारा प्रकाश बुबुळाच्या घुमटातून वाकून जातो आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतो. उलट बाजूनं तसाच तिरपा प्रकाश येऊ लागला तर नाक आडवं येतं. म्हणून समोर काळा चष्मा असला तरी बाजूनं ऊन आत शिरत असेल तर उपयोग अर्धाच. दोन्ही बाजूंनी चेहऱ्याला लागून बसणारा, अतिनील किरणं अडवणारा चष्मा घ्या. काचेचा रंग गडद असला म्हणजे किरणं अडतातच असं नाही, दुकानात तसं विचारून घ्या. आपल्याकडच्या मुली स्कूटरवर बसताना ओढणीनं तोंड बांधून वर गॉगल लावतात, ती डोळ्यांसाठीही उत्तम सवय आहे. मुलांनीही ती उचलावी.

कुठल्याही ड्रॉपनं वेल विरघळत नाही. तसं सांगून विकलं जाणारं काहीही घेऊ नका. जळजळ आणि लाली कमी करायला ओलावा देणारे ड्रॉप पुरतात. ती बाहुलीकडे सरकत असेल, तिच्या ओढीनं चष्म्याचा तिरकस नंबर वाढत असेल किंवा सारखी सुजत असेल, तेव्हा ऑपरेशनचा विचार होतो. नुसती कापून काढलेली वेल पुष्कळदा परत येते आणि परत आलेली आधीपेक्षा हट्टी असते. त्यामुळे आता काढलेल्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या बाजूचं पातळ अस्तर आणून बसवतात, टाक्यांनी किंवा जैविक गोंदानं. ऑपरेशन ठरवताना ‘अस्तर बसवणार ना?’ एवढं आवर्जून विचारा. आणि एक गोष्ट: वाढ झपाट्यानं होत असेल, तिच्यात रक्तवाहिन्यांचा गुंता दिसत असेल किंवा ती पांढरी, खरबरीत दिसत असेल, तर तिला वेल समजून बसू नका. क्वचित तो कर्करोगाचा आरंभ असतो आणि तुकडा तपासावाच लागतो.

कानाकडच्या कोपऱ्याची कथा वेगळी. तिथे पांढऱ्या भागापेक्षा पापणीची कातडी लाल झालेली असते. दोन्ही पापण्या मिळतात तिथे कातडी ओलसर, सोललेली, कधी बारीक चिरलेली, आणि मीठ लागल्यागत चुरचुर. मोराक्सेला नावाचे जंतू ह्याला कारण होतात. मोरा ह्यांनी १८९६ मध्ये आणि ॲक्सनफेल्ड ह्यांनी १८९७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्या जुन्या काळापासून त्यावर जस्ताचे ड्रॉप वापरले जात. स्टॅफिलोकॉकस हे नेहमीचे कातडीवरचे जंतूही असंच करतात. मलम लावून हे बरं होतं, पण पाणी गळतंय म्हणून पदराच्या टोकानं तोच कोपरा दिवसभर पुसत राहिलं तर चीर भरत नाही. टिपायचं, घासायचं नाही.

अशा रुग्णाच्या ओठांचे कोपरे मी नेहमी पाहते. तेही फाटलेले असले तर आहारात ब गटातली जीवनसत्त्वं, विशेषतः रायबोफ्लेविन कमी पडतंय का, हे विचारते. एकट्यानं चहा-खारीवर दिवस काढणारे म्हातारे लोक हल्ली वाड्यांतून बरेच आहेत. दूध, दही, अंडी, पालेभाज्या, मोडाची कडधान्यं ताटात परत आणावी लागतात. बाहेरच्या कोपऱ्याची आणखी काही कारणं म्हणजे केसांचा रंग आणि नखांचं पॉलिश. पॉलिशची ॲलर्जी बोटांवर न दिसता पापणीवर दिसते, कारण पापणीची कातडी अतिशय पातळ असते. नवरात्रात गरब्याहून मध्यरात्री परतल्यावर चकाकीचा मेकअप न काढता झोपणं आणि नंबर नसताना नुसत्या शोभेसाठी रंगीत लेन्स लावणं, त्यातही मैत्रिणीची लेन्स आपण लावणं, ह्याला माझा पूर्ण विरोध आहे. लेन्स लावलेला डोळा लाल झाला तर लेन्स ताबडतोब काढा आणि त्याच दिवशी डोळा दाखवा.

परत नाकाकडे. कोपऱ्यातून सतत पाणी, सकाळी चिपडं, आणि कोपऱ्याच्या किंचित खाली, नाकाच्या कडेला फुगवटा, असं असेल तर मोरी तुंबली आहे. पिशवीत पाणी साचतं आणि त्यात जंतू वाढतात. त्या फुगवट्यावर बोट दाबलं की छिद्रातून पू वर येतो. मोतीबिंदूसाठी आलेल्या एका आजींना मी दाबून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, हे तर कित्येक वर्षं येतंय, मी पुसून टाकते.’ त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी पुढे ढकललं. नाराज झाल्या, पण पिशवीत जंतू असताना ऑपरेशनसाठी डोळा उघडला तर ते आत जाऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. आधी पिशवीतून नाकात नवी वाट काढायचं ऑपरेशन, मग मोतीबिंदू. हाच फुगवटा अचानक लाल, गरम, अतिशय दुखरा झाला आणि ताप आला, तर चोळणं, शेकून फोडणं असलं काही करू नका. तोंडावाटे किंवा शिरेतून प्रतिजैविकं लागतात. मधुमेह असेल तर एक रात्रही थांबू नये.

तान्ह्या बाळांत हीच नळी पुष्कळदा खालच्या टोकाला पातळ पडद्यानं बंद असते. डोळा लाल नसतो किंवा कोपऱ्यात किंचित असतो, पण पाणी आणि चिपडं सारखी. बहुतेक बाळांत वर्षाच्या आत नळी आपोआप उघडते. मालिश मदत करते, मात्र ती नीट यायला हवी. नख कापा, हात धुवा. करंगळीच्या टोकाचा मऊ भाग डोळ्याचा कोपरा आणि नाकाचं हाड ह्यांच्या मधे टेकवा. हलकेच आत दाबा आणि दाब तसाच ठेवून नाकाच्या कडेनं खाली सरकवा. असं पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. गालावर नुसतं बोट फिरवून काही होत नाही. काजळ, आईचं दूध, मध, गुलाबपाणी ह्यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. आणि जन्मानंतर पहिल्या महिन्यात बाळाच्या पापण्या सुजून पू येऊ लागला तर त्याला नळी तुंबलीय म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

अचानक कोपऱ्यात गडद लाल, रक्ताचा डाग दिसला, दुखत नाही, दृष्टी ठीक आहे, तर बारीक रक्तवाहिनी फुटली आहे. खोकला, शिंक, जड सामान उचलणं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काहीही निमित्त होतं. दिसायला भयंकर, पण दोन आठवड्यांत जातो. रक्तदाब मात्र मोजून घ्या. एका बाजूचा पट्टा लालसर, थोडं दुखरं, पाणी-चिपडं काही नाही, असं असेल तर वरवरच्या थराची सूज असू शकते, तीही सहसा आपली आपण ओसरते. दुखणं मात्र खोल असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, कपाळात कळ जात असेल आणि लालीत निळसर छटा असेल, तर खालच्या पांढऱ्या भिंतीला सूज आहे. संधिवाताच्या रुग्णांत हे जास्त दिसतं आणि त्याला तातडीचा उपचार लागतो. वयस्कर बायकांत आणखी एक कारण असतं, लहानपणीच्या खुपऱ्यांनी (म्हणजे ट्रॅकोमा, पापणीच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग) पापणी आत वळलेली आणि केस डोळ्याला टोचणारे. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं मान्य केलं. ही मोठी गोष्ट आहे, पण त्या पिढीच्या पापण्यांवरचे व्रण अजून आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती. एका मुलाची आई मला म्हणाली, ‘डॉक्टर, मेडिकलवाल्या भाईंनी दिलेले ड्रॉप टाकले की ह्याचा डोळा संध्याकाळपर्यंत पांढरा होतो. संपले की परत आणते.’ बाटलीवर डेक्सामेथासोन होतं. हे स्टिरॉइड आहे. त्यानं लाली झटकन उतरते, कारण काहीही असो. धोका नेमका त्यातच आहे. ते महिनोन्‌महिने टाकल्यानं काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि तो दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप डोळ्याची नस वाळवतो. काचबिंदू म्हणतात तो हाच. मोतीबिंदूही लहान वयात येऊ शकतो. बुबुळावर विषाणूची किंवा बुरशीची जखम असेल, बुरशीची जखम शेतात काडी-पात लागून होते, तर स्टिरॉइडनं ती चिघळून बुबुळ फुटण्यापर्यंत जाऊ शकते. डॉक्टर स्टिरॉइड देतात, मीही देते, पण बुबुळ तपासून, दाब मोजून, किती दिवस ते ठरवून.

म्हणून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट, ह्यांतलं काही असेल आणि ते डॉक्टरांनी ह्या वेळी, ह्या डोळ्यासाठी लिहून दिलेलं नसेल, तर ती बाटली उघडू नका. प्रतिजैविकाबरोबर मिसळलेलं असलं तरी स्टिरॉइड ते स्टिरॉइडच. नॅफाझोलिनसारखे ‘डोळे शुभ्र करणारे’ ड्रॉपही रोजचे नव्हेत. ते रक्तवाहिन्या आवळतात, परिणाम संपला की लाली दुप्पट होऊन येते. २०२३ च्या पावसाळ्यात गुजरातभर डोळ्यांची साथ आली तेव्हा घरोघरी एकाच बाटलीतून सगळ्यांच्या डोळ्यांत ड्रॉप पडत होते. अशी साथ बहुधा विषाणूची असते, प्रतिजैविकानं ती लवकर जात नाही, आणि बाटलीचं टोक पापणीला लागून ती एकाकडून दुसऱ्याकडे मात्र जाते.

नजर अंधूक होणं, उजेड सहन न होणं, खोल दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसून उलटी होणं, बुबुळावर पांढरा ठिपका, चुना, ॲसिड किंवा फटाका लागणं, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असणं: ह्यांतलं एक जरी असेल तर कोपरा कुठला हे पाहत बसू नका, लगेच दवाखान्यात जा. चुना किंवा रसायन गेलं असेल तर निघण्याआधी नळाखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा. एरवी साध्या लालीला दोन-तीन दिवस थंड रुमाल, ओलावा देणारे ड्रॉप आणि न चोळणं एवढं पुरतं. त्यानंतरही राहिली तर दाखवायला या, आणि येताना मेकअप करू नका, लेन्स काढून ठेवा, लाली सर्वांत जास्त होती त्या दिवशीचा फोनवरचा फोटो आणा, आणि आजवर डोळ्यात टाकलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून आणा.